सोमवारची गोळी

रजिस्टर भरायची एक ठरलेली वेळ असते: महिन्याचा शेवटचा दिवस, शेवटचा तास. मुलं बाकं सरकवत पळालेली, बाहेर कदंब बसचा हॉर्न, आणि स्टाफरूममध्ये आम्ही सगळ्याजणी डोकी खाली घालून खुणा करतोय. बारा वर्षं मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं. लोहाच्या गोळ्यांचं रजिस्टर माझ्याकडे असायचं. दर सोमवारी मुलींना एकेक निळी गोळी द्यायची, आपल्यासमोर गिळायला लावायची आणि नावापुढे खूण करायची, असा नियम. गोळ्या मी सोमवारी वाटायचे. खुणा महिनाअखेरीला, सगळ्या एकदम, एकाच पेनाने. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी दुसऱ्यांच्या रजिस्टरांत नाक खुपसलं आहे.

चाळिशी उलटल्यावर पीएचडी कशाला, हा प्रश्न सासूबाईंनी एकदा विचारला आणि सोडून दिला. नातेवाइकांनी तो प्रत्येक मुंजीत नि लग्नात विचारला. खरं उत्तर असं की मला एका आकड्याने छळलं होतं. २०११ च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता ८८.७० टक्के. शाळा गावोगाव आहेत. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने त्या खेड्यापाड्यांत नेल्या, माझी आई त्यातल्याच एका मराठी शाळेत शिकली. आणि तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या गोव्यातल्या बायकांमध्ये रक्त कमी असणाऱ्या २०१५-१६ मध्ये ३१.३ टक्के होत्या, त्या पुढच्या पाहणीत ३९.० टक्के झाल्या. त्याच पाहणीत देशाचा आकडा ५७.० होता, त्या मानाने आपण बरे. पण आपला वाढला कसा? शाळेत दर सोमवारी गोळी देतोय की आम्ही! ती मी माझ्या हातांनी दिली होती.

प्रवेश परीक्षा, मुलाखत, १२ क्रेडिटचा कोर्सवर्क, दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीसमोर हजेरी, हे सगळं ज्याने केलंय त्याला माहीत आहे आणि ज्याने केलं नाही त्याला त्यात रस नसेल. माझ्या मार्गदर्शक बाईंनी पहिल्या भेटीत दोन लेख हातात दिले. एक केनियातल्या बुसिया भागातला. तिथे ७५ शाळांत जंताच्या गोळ्या टप्प्याटप्प्याने वाटल्या गेल्या, एका डच मदतसंस्थेमार्फत. एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांनी २००४ मध्ये छापलं की मुलांची गैरहजेरी साधारण एक चतुर्थांशाने घटली. दुसरा लेख २०१५ चा. त्यात निराळ्या संशोधकांनी तीच माहिती पुन्हा तपासून आधीच्या हिशेबातल्या चुका दाखवल्या होत्या. त्यावरून बराच वाद झाला, तरी २०१९ मध्ये क्रेमर यांना अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. "दोन्ही वाच. कोण बरोबर ते मला सांगू नकोस. कुठल्या ओळीवर तुझी झोप उडाली ते सांग," बाई म्हणाल्या.

झोप उडाली ती एका साध्याच गोष्टीवर. त्या अभ्यासात मुलं शाळेत आहेत की नाहीत हे शाळेच्या हजेरीपटावरून घेतलं नव्हतं. माणसं न सांगता शाळेत जाऊन डोकी मोजून आली होती.

आता पैसा. शिक्षण आणि आरोग्य या दोन खात्यांच्या मधल्या फटीत संशोधनाला पैसे कोण देणार? पणजीतला एक ट्रस्ट भेटला. कुटुंबाचा जुना, त्याला एका कंपनीच्या सीएसआरचे, म्हणजे सामाजिक जबाबदारी म्हणून बाजूला काढलेले, पैसे येतात. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ सांगतं की ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजासाठी खर्च करावेत. २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना, म्हणजे ज्यांची ही रक्कम सरासरी १० कोटी किंवा जास्त आहे त्यांना, १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं परिणाम मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून करून घेणं सक्तीचं झालं. आमच्या ट्रस्टचा प्रकल्प इतका मोठा अजिबात नव्हता. पण 'इंपॅक्ट' हा शब्द एकदा हवेत आला की तो सर्दीसारखा सगळ्यांना होतो.

त्यांचा कार्यक्रम असा: डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतल्या १२ हायस्कुलांत पाण्याचा फिल्टर, पोषणाची भित्तिचित्रं, आणि महिन्यातून एकदा येणारी एक 'आरोग्यसखी', जी मुलींशी बोलेल आणि गोळ्यांच्या रजिस्टराचा फोटो काढून ट्रस्टला पाठवील. गोळ्या सरकारच्याच. २०१८ च्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात १० ते १९ वयासाठी आठवड्याला एक गोळी ठरली आहे, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची. ट्रस्टने ती पोटात जाईल असं पाहायचं.

ट्रस्टच्या व्यवस्थापकांनी मला पहिल्याच बैठकीत विचारलं, "रिपोर्ट मार्चच्या आधी मिळेल ना? आणि दोन-तीन यशोगाथा, फोटोसकट." रिपोर्टचं मी 'हो' म्हटलं. यशोगाथांचं काय म्हणायचं ते सुचलं नाही. मार्गदर्शक बाई मात्र शांतपणे करारात एक वाक्य घालायला बसल्या: निष्कर्ष काहीही आला तरी तो छापण्याचा हक्क संशोधकाचा राहील. त्या एका वाक्यावर तीन आठवडे गेले. मला तेव्हा तो बाईंचा हट्ट वाटला होता. त्यांनी उदाहरण दिलं ते गोव्यातलंच. १९९६ साली इथे सुरू झालेल्या 'संगाथ' संस्थेने आरोग्यकेंद्रांत साध्या, प्रशिक्षण दिलेल्या माणसांकडून नैराश्याच्या रुग्णांचं समुपदेशन करून पाहिलं. २४ ठिकाणं, निम्मी सरकारी, निम्मी खासगी डॉक्टरांची. २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला: सरकारी केंद्रांत फायदा दिसला, खासगीत दिसला नाही. "हे दुसरं अर्धं वाक्य छापलं म्हणून पहिल्या अर्ध्यावर जगाने विश्वास ठेवला," बाई म्हणाल्या. (त्या आठवड्यात मी औषधाच्या दुकानात बोट टोचायच्या लॅन्सेटच्या पेट्यांचा भाव विचारत हिंडत होते. आपापली लॅन्सेट.)

ट्रस्टकडे पहिल्या वर्षी सहाच शाळांपुरते पैसे होते. हे माझं नशीब. सहा शाळा यंदा, सहा पुढच्या वर्षी; मग यंदाच्या कुठल्या ते चिठ्ठ्या टाकून ठरवू, असं मी सुचवलं. म्हणजे दोन गटांची तुलना प्रामाणिक होईल आणि कुणाचं काही हिरावलंही जाणार नाही, कारण सरकारी गोळी सगळीकडे चालूच होती. व्यवस्थापक आधी बिचकले. दोन शाळांना त्यांनी तोंडी शब्द दिला होता. शेवटी साखळीत एका शाळेत सगळ्या मुख्याध्यापकांना बोलावून, स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या घालून, सातवीतल्या एका मुलीला उचलायला लावल्या. चतुर्थीच्या बाजारातल्या सोडतीसारखा माहोल. ज्यांचं नाव निघालं नाही त्यातले एक सर मला म्हणाले, "टीचर, आमचं नशीब तुमच्या गणितात काय म्हणतात?" त्यांच्या शाळेतला फिल्टर बंद पडलेला होता, हे मला नंतर कळलं.

गणिताचं एक बोलते आणि सोडते. प्रत्येक शाळेतून आठवी ते दहावीच्या ३० मुली, म्हणजे १२ शाळांत ३६०. मला वाटलं, भरपूर झाल्या. पण एका शाळेतल्या मुली एकमेकींसारख्या असतात. एकच बस, एकच कॅन्टीन, एकच टीचर. हे सारखेपण किती ते आधी गृहीत धरावं लागतं. ते ०.०५ इतकं किरकोळ धरलं तरी १ + २९ × ०.०५ म्हणजे २.४५ ने भागावं लागतं. ३६० भागिले २.४५. माझ्या मुली उरल्या १४७. उरलेल्या दोनशे तेरा मुलींची बोटं आपण नुसतीच टोचणार की काय, असं वाटून त्या रात्री मी जेवले नाही.

नैतिकता समितीपुढे जायचं तेव्हा मी पाठांतर करून गेले होते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं, पालकांची लेखी संमती, १२ वर्षांवरच्या मुलीची स्वतःची लेखी अनुमती, सगळं. समितीत डॉक्टर होते, वकीलबाई होत्या, आणि नियमाप्रमाणे या क्षेत्राबाहेरचे एक गृहस्थ होते, निवृत्त पोस्टमास्तर. डॉक्टरांनी सांख्यिकीचं विचारलं. पोस्टमास्तरांनी विचारलं, "एखाद्या मुलीचं रक्त फारच कमी निघालं, तर तुम्ही ते वहीत लिहून घरी जाणार का?" माझ्या प्रस्तावात होतं: 'आरोग्यकेंद्राकडे पाठवले जाईल.' "कोण पाठवणार? कशातून? तिच्या आवयचा (आईचा) रोज बुडला तर?" तिसरा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नव्हता. प्रस्ताव परत आला. नव्याने लिहिला तेव्हा हिमोग्लोबिन ८ ग्रॅमच्या खाली असलेल्या मुलीसाठी त्याच आठवड्यात, माझ्यासोबत, माझ्या खर्चाने, असं लिहिलं. वकीलबाईंनी त्यात 'संशोधन निधीतून' अशी दुरुस्ती केली.

आणि मग भाषा. इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि सगळ्यात जास्त शिकायला मिळालं, तेव्हा जरा थांबते.

सत्तरी-डिचोलीतली बाई घरात कोंकणी बोलते, वर्तमानपत्र मराठी वाचते, मुलीचं पुस्तक इंग्रजी असतं. संमतीपत्र कुठल्या भाषेत? मी मराठीत केलं, कारण वाचायची सवय मराठीची. नियम असा की मराठीत गेलेलं दुसऱ्या कुणी मूळ न बघता परत इंग्रजीत आणायचं आणि दोन्ही ताडून पाहायचं. त्यात माझी 'यादृच्छिक निवड' परत येताना 'वाटेल तशी निवड' होऊन आली. तिथे मी साधं 'चिठ्ठी टाकून' लिहिलं. 'गोपनीय' शब्दावर एका आईने विचारलं की हे पोलिसांचं आहे का. तिथे 'दुसऱ्या कुणाला सांगणार नाही' झालं. हे सगळं कागदावर निस्तरलं. जे कागदावर निस्तरलं नाही ते वाळपईजवळच्या एका शाळेत पालकसभेत समोर आलं.

मी उभी राहून नीट, हळूहळू बोलत होते: "मुलींमध्ये रक्तक्षय आहे का, हे आपण तपासणार आहोत." मागच्या बाकावरून एक बाई उठली. काजूच्या बागेतून थेट आलेली, हातावर चिकाचे काळे डाग. "टीचर, म्हज्या चलयेक (माझ्या मुलीला) क्षय?" सभेत एकदम कुजबुज. क्षय म्हणजे टीबी. रक्तक्षय म्हणजे रक्ताचा टीबी. पाठ्यपुस्तकात मी बारा वर्षं शिकवलेला शब्द. त्या बाईच्या दिराला टीबी होऊन गेलेला होता, आणि गावाने त्या घरचं पाणी पिणं कसं सोडलं होतं ते सभेतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. मी घाईघाईने म्हटलं, "ना गे बाये, क्षय न्हय. रगत उणें आसा काय पळोवपाचें." ती बसली. पण त्या दिवशी त्या शाळेत मोजक्याच सह्या मिळाल्या आणि दुसरी सभा घ्यावी लागली. सगळी पत्रं पुन्हा छापली, 'रक्त कमी असणे' असं घालून. समितीकडे बदलाचा अर्ज पुन्हा. ख्रिश्चन घरांसाठी रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीतलं निराळं पत्र, तेही तेव्हाच केलं. ट्रस्टने छपाईचा दुसरा खर्च नाकारला. 'मंजूर तरतुदीत बसत नाही.' तो माझ्या पगारातून गेला. यावर मी अजून रागावलेली आहे.

तपासणी एका निवृत्त नर्सबाईंनी केली. त्यांच्याकडून कळलं की बोट दाबून रक्त काढलं तर त्यात अंगातलं पाणी मिसळतं आणि आकडा खोटा कमी येतो. पावसाळ्यात बसमधून भिजून आलेल्या मुलींचे हात गार असतात, रक्त येत नाही, मग दाबायचा मोह होतो. त्या मुलींना आधी हात चोळून घ्यायला लावायच्या. पहिला थेंब पुसून टाकायच्या. एका मुलीने विचारलं, "हें रगत व्हरून तुमी कितें करतात?" नर्सबाई म्हणाल्या, "लोणचें घालतां." वर्ग हसला आणि पुढची रांग भराभर सरकली.

एकीचं ८ च्या खाली निघालं. नववीतली, कबड्डी खेळणारी, हसरी. पोस्टमास्तरांची मला आठवण झाली. तिची आई रोज बुडवून यायला तयार नव्हती. संशोधन निधीतून आम्ही तिचा दिवस भरून दिला आणि स्कूटरवर तिघी ट्रिपल सीट आरोग्यकेंद्रात गेलो. (हे समितीला कळवलं नाही.) तिथून पुढे तिचे उपचार सुरू झाले. डॉक्टरांनी आईला सांगितलं की गोळ्यांबरोबर चहा नको, त्याने लोह अंगाला लागत नाही. आणि शी काळी झाली तर घाबरू नका. आई म्हणाली, हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर हिने गोळ्या टाकून दिल्या नसत्या.

टाकून दिल्या?

तोपर्यंत मी रजिस्टरं पाहत होते, वाचत नव्हते. त्या रात्री त्या शाळेची दोन रजिस्टरं शेजारी ठेवली: हजेरीपट आणि गोळ्यांचं. गोळ्यांच्या रजिस्टरात प्रत्येक सोमवारी प्रत्येक मुलीपुढे खूण. हजेरीपटात त्याच सोमवारी पाच-सहा मुली गैरहजर. म्हणजे घरी झोपलेल्या मुलींनीही शाळेत गोळी गिळलेली. पुढच्या शाळेचं काढलं. तिथे चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुट्टीतल्या सोमवारी, जेव्हा अख्खा गोवा गणपतीवर फळापानांची माटोळी बांधत असतो, तेव्हाही सगळ्या मुलींनी गोळ्या घेतल्या होत्या. तिसरं रजिस्टर ट्रस्टचं. आरोग्यसखीने पाठवलेल्या फोटोंवरून त्यांनी 'लाभार्थी' मोजले होते, पूर्णच्या पूर्ण. एक चूक दुसऱ्या वहीत उतरली, दुसरीतून तिसरीत, आणि तिसरीला पुठ्ठ्याचं रंगीत वेष्टन मिळालं.

खुणा सगळ्या एकाच शाईच्या, एकाच तिरक्या हाताच्या. ते हस्ताक्षर माझं नव्हतं, पण ती घाई माझी होती. त्या टीचरशी बोलले तेव्हा ती आधी गप्प झाली, मग तिने मला मोजून दाखवलं: तिच्याकडे हजेरीपटाशिवाय किती वह्या आहेत, कुठल्या कुठल्या ॲपवर काय काय भरायचं असतं. मी तिला माझी गोष्ट सांगितली. मग तिने कपाट उघडलं. आत गोळ्यांची न फोडलेली पाकिटं होती. "वाटल्या तरी खिडकीखाली पडतात. दाखवते चला."

खिडकीखाली जास्वंदीचं झाड होतं आणि त्याच्या बुंध्याशी मातीला निळसर रंग. शाळेत झाडायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, ह्या झाडाला कधी रगत उणें पडचें ना.

पुढचे तीन महिने मी फक्त हेच विचारत फिरले: का टाकता? फोंड्याहून पहाटे निघायचं, उसगावला पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, गरम पाव घ्यायचे, सत्तरीत पावणेआठच्या घंटेला हजर. मुलींना वर्गात विचारलं तर सगळ्या 'घेतो' म्हणतात. बसस्टॉपवर विचारलं तर खरं सांगतात. पहाटे सहाला चा-पाव किंवा नुसता चा. बस चुकली तर तास चुकतो. पहिल्या तासाला गोळी. "उपाशी पोटार घेतली की पोटांत ढवळटा." आठवीच्या मुली त्यातल्या त्यात बऱ्या, कारण मधल्या सुट्टीत त्यांना माध्यान्ह आहार मिळतो, महिलांचे स्वयंसाहाय्य गट पाव-भाजी आणतात, आणि काही टीचर शहाणपणाने गोळी त्यानंतर देतात. पण सरकारी योजनेतला आहार आठवीपर्यंतच. नववी-दहावीच्या मुलींची पाळी सुरू झालेली, रक्त जास्त जाणारं, गोळीची गरज त्यांना अधिक, आणि त्यांचंच पोट रिकामं. हे कुणाच्याच वहीत नव्हतं, कारण आहाराची वही वेगळी, गोळीची वही वेगळी.

मग एका मुलीने ते सांगितलं ज्याने माझा प्रबंधाचा आराखडा बदलला. मी विचारलं होतं, फिल्टर आला, पाणी चांगलं आहे, मग पाण्याबरोबर गोळी का गिळत नाही? ती माझ्याकडे बघत राहिली, मोठ्या माणसाला कळत कसं नाही अशी. "टीचर, उदक पियेलें जाल्यार मागीर वचपाचें खंय?" पाणी प्यायलं तर मग जायचं कुठे?

संडास होते. सिमेंटचे, फरशीचे, एका दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी लावलेले. कुलूपबंद. सफाईला बाई आठवड्यातून दोनदा येते, रोजची ठेवायला पैसे नाहीत, म्हणून शाळेने किल्ली ऑफिसात ठेवलेली. नववीतली मुलगी ऑफिसात क्लार्क सरांकडे किल्ली मागणार नाही. म्हणून ती पाणी पीत नाही. म्हणून गोळी गिळत नाही. आणि पाळीच्या दोन-तीन दिवसांत ती शाळेतच येत नाही. हजेरीपटात काही मुलींच्या नावांपुढे दर महिन्याला ते तुकडे दिसतात, एकदा दिसायला लागले की दिसतच राहतात.

फिल्टरवर ट्रस्टची पाटी. संडासावर दुसऱ्या दात्याची पाटी. मधली झाडूवाली कुणाचीच नाही.

वर्षअखेरीला पुन्हा रक्त तपासलं. दोन गटांत फरक होता, पण इतका बारीक की नुसत्या योगायोगानेही तेवढा आला असता. कार्यक्रमाने हिमोग्लोबिन वाढलं असं म्हणायला मला जागा नव्हती. मी आकडे तीनदा तपासले, कारण मलाही तो वाढलेला हवा होता. इतके महिने पहाटे उठल्याचं काहीतरी हवं असतं माणसाला.

सादरीकरणाच्या आदल्या संध्याकाळी व्यवस्थापकांचा फोन. "ती रजिस्टरांची स्लाइड काढली तर? कंपनीचे लोक येणार आहेत. आणि आठवीच्या मुलींचं बरं दिसतंय ना, तेवढंच पुढे घ्या." आठवीचं वेगळं काढायचं मी आधी ठरवलेलं नव्हतं, नंतर वर्गवार कापत गेलं की कुठे ना कुठे काहीतरी बरं दिसतंच. हे मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. मग थकून म्हटलं, करार बघा, पान चौथं. फोन ठेवल्यावर बाईंच्या त्या तीन आठवड्यांचा अर्थ कळला.

सभेत कंपनीची तरुण मंडळी लॅपटॉपवर बघत होती. ट्रस्टचे वयस्कर शेठ, ज्यांच्या वडिलांचं नाव ट्रस्टला आहे, काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. रजिस्टरांची स्लाइड आली तेव्हा खोली गार झाली. शेठ म्हणाले, "म्हणजे गोळी उपयोगाची नाही?" म्हटलं, "पोटात गेली तर आहे. आपण ती पोटात घातलीच नाही, त्यामुळे मला सांगताच येत नाही." मी मागणी मांडली: पुढच्या सहा शाळांत फिल्टरऐवजी रोजची सफाई, आणि नववी-दहावीला सोमवारी गोळीआधी खायला काहीतरी. व्यवस्थापक म्हणाले, पगार हा आवर्ती खर्च आहे, तो कंपनीच्या धोरणात बसत नाही. शेठ काठी आपटत हसले. "बाय, पगाराचेर पाटी खंय लावपाची?" पगारावर पाटी कुठे लावायची?

मग ते बराच वेळ पणजीतल्या मुष्टिफंडाबद्दल बोलत राहिले. पोर्तुगीज अमदानीत मराठी शाळा चालवायला घराघरातून मूठ-मूठ तांदूळ गोळा केला जायचा, म्हणून संस्थेचं नाव ते. त्यांच्या आजीने त्यात तांदूळ घातला होता, म्हणाले. मुठीवर कुणाची पाटी असते? कंपनीच्या एका मुलीने घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं, आता शेठ सफाईचे पैसे जाहीर करतील. त्यांनी चहा मागवला.

पुढच्या सहा शाळांना फिल्टरच मिळाले. ठरलेलं होतं, मार्च जवळ होता. चार महिन्यांनी शेठनी स्वतःच्या खात्यातून दोन शाळांना सफाईवालीचा एका वर्षाचा पगार पाठवला, पावतीवर नाव न घालता; मला ते मुख्याध्यापकांकडून कळलं. दोनच शाळा, एकच वर्ष, त्यावरून काही सिद्ध होत नाही आणि मी प्रबंधात तसं लिहिलंही नाही. प्रबंधात एक प्रकरण नोंदवह्यांवर गेलं. सल्लागार समितीतल्या एका सदस्यांना ते 'मूळ विषयाबाहेरचं' वाटलं. बाईंनी ते ठेवायला लावलं.

मौखिक परीक्षेच्या आधी, आभाराचे पेढे घेऊन मी शाळांना भेट द्यायला गेले. जास्वंदीवाल्या शाळेत आता गोळी मधल्या सुट्टीनंतर देतात. नववी-दहावीच्या मुली डबा आणतात, न आणणाऱ्यांसाठी टीचर बिस्किटांचा पुडा ठेवते, तिच्या पैशाने. ती कबड्डीवाली दहावी होऊन गेली होती. रजिस्टर बघू का, विचारलं. मुख्याध्यापक जरा ओशाळले. "बघा, पण यंदा बरंच रिकामं आहे हो. आधीच्यासारखं पूर्ण नाही. वरून विचारणा होणार."

सोमवारच्या रकान्यात कुठे खूण, कुठे कोरी चौकट, कुठे 'गै.', एका ठिकाणी 'उलटी झाली, पुढल्या खेपेस खाऊन' असं बारीक अक्षरात. तीन-चार वेगवेगळ्या शाया. मी परवानगी मागून त्या पानाचा फोटो काढला आणि पेढ्यांचा बॉक्स टीचरच्या टेबलावर ठेवला.